शहाण्णव लाख नव्याण्णव हजार सहाशे नव्वद

हेमांगीला संख्या फोडायची खोड होती. गॅसच्या सिलेंडरवरचा क्रमांक असो की रिक्षाच्या मागची पाटी, आकडा समोर आला की ती मनातल्या मनात त्याला दोनने, तीनने, सातने भागून बघायची. पार मोडून त्यातल्या मूळ संख्या हाती लागेपर्यंत तिला चैन पडत नसे. माणिकपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात ती सोळा वर्षं गणित शिकवत होती. लग्न केलं नव्हतं. आठवडाभर तिथल्याच एका खोलीवर राहायची आणि शनिवारी संध्याकाळी चांदीपला, आईवडिलांकडे जायची. धाकटा भाऊ मितेश आणि त्याची बायको दिपिका त्यांच्यासोबत घरी राहत. मितेश वसईला एका कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी शेतात. "ताई," तो म्हणायचा, "तुला समोर मानूस दिसतो, का नुसता त्याचा नंबर?"

घराच्या मागे भाताची खाचरं आणि खाचरांच्या मागे डोंगर. त्या डोंगराच्या पायथ्याची दोन एकर जमीन हेमांगीचा बाप बळीराम आणि त्याचा वारलेला भाऊ यांच्या नावावर सामाईक होती. भावाचा मुलगा अल्पेश समोरच्याच घरात राहायचा. दोन घरांमध्ये एक अंगण, एक विहीर, आणि लहानपणापासून एका ताटात जेवलेले मितेश आणि अल्पेश.

पावसाळा संपला तसे डोंगराकडून मशीनचे आवाज येऊ लागले. इमारतींच्या भरावासाठी कोणीतरी चोरून माती काढत होतं. बघता बघता पायथा खरवडून काढला आणि वरची झाडं मुळांसकट लोंबकळायला लागली. मितेशने हेमांगीकडून लिहून घेतलेला अर्ज तलाठ्याकडे दिला, फोटो पाठवले. दोनदा फोनवरून शिव्या आल्या, एकदा दुचाकीची दोन्ही चाकं फाडलेली सापडली. अल्पेश त्याला म्हणाला, "कशाला कोनाच्या वाटेला जातो? डोंगर काय तुझ्या बापाचा?" मितेश म्हणाला, "अर्धा माझ्या बापाचा, अर्धा तुझ्या."

नोव्हेंबरातला एक रविवार. खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. सकाळचे साडेदहा वाजले असतील. डोंगराकडून धडधड ऐकू आली तसा मितेशने हातातला भारा टाकला.

"आज सुट्टी. सरकारी मानूस फिरकनार नाही, म्हनून आजच लागलेत," तो म्हणाला. "व्हिडिओ काढून आलोच."

"थांब, मी येते," हेमांगी म्हणाली. तिने पायात चपलाही घातल्या नाहीत. कापलेल्या भाताची धसकटं तळव्यांना टोचत होती.

पायथ्याशी एक पिवळं पोकलेन डोंगराला चावत होतं. अशा मशीनला रस्त्यावरच्या गाडीसारखी नंबरप्लेट नसते. चौघेजण होते. एक मशीनवर आणि तिघं खाली, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले. त्यातल्या लाल रुमालवाल्याने मितेशला येताना पाहिलं आणि तो हसला. डोळ्यांवरून कळलं की हसला.

"आला बघ फोटोग्राफर."

मितेश मशीनच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने फोन वर धरला. लाल रुमालवाल्याने तो हिसकावला, दगडावर ठेवला आणि बुटाच्या टाचेने चुरडला. मितेशने त्याची कॉलर धरली. दुसऱ्याने मागून येऊन लोखंडी पहार त्याच्या गुडघ्यावर हाणली. काटकी मोडावी तसा आवाज झाला. मितेश बसला नाही, एका पायावर तसाच लटकून राहिला, कॉलर न सोडता. मग दुसऱ्या गुडघ्यावर.

हेमांगीने दगड उचलला आणि पहारवाल्याच्या दिशेने भिरकावला. तिला आयुष्यात कधी नेम धरता आला नव्हता, पण तो दगड त्याच्या कपाळावर बसला आणि रुमाल रक्ताने भिजला. तो बोंबलला. तिसऱ्याने तिला केसांना धरून फिरवलं आणि पोकलेनच्या अंगावर आपटलं. ती खाली पडली. तिच्या पाठीवर गुडघा आला आणि मानेवर बूट. गाल मातीत रुतला. उजवा हात कोणीतरी ओढून लांब केला, दगडावर ठेवला.

"लिहिते ना अर्ज? शिकलेली ना तू?"

पहार बोटांवर आली. एकदा, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तिला काहीच जाणवलं नाही, फक्त आपलाच ओरडा दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा ऐकू आला.

मान हलवता येत नव्हती. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर मशीनच्या अंगाला ठोकलेली कंपनीची पत्र्याची पट्टी होती. चिखलाने अर्धी भरलेली. त्यावर सात आकडे ठोकलेले होते. ९६९९६९०.

तिची शुद्ध हरपत होती, आणि ती हरपू द्यायची नाही एवढंच तिला कळत होतं. म्हणून तिने जे येत होतं ते केलं. शेवटी शून्य, म्हणजे दोन आणि पाच. उरले ९६९९६९. पुढून वाचा नाहीतर मागून, सारखेच. नऊशे एकोणसत्तर दोनदा. म्हणजे नऊशे एकोणसत्तर गुणिले एक हजार एक.

"ताई!" मितेश ओरडला.

एक हजार एक म्हणजे सात, अकरा, तेरा.

"ताई, ताई गं!"

नऊशे एकोणसत्तरमध्ये तीन. उरले तीनशे तेवीस. तीनशे तेवीस.

"बकेट फिरव!" लाल रुमालवाला म्हणाला. "घाबरव जरा. फिरव!"

इंजिनाचा आवाज चढला. तिच्या गालाखालची जमीन थरथरली. वर, तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात, मशीनचा हात आकाशातून आडवा सरकत गेला. घाबरवायचं होतं की मारायचं होतं, हे पुढे कोर्टात चार दिवस चर्चिलं गेलं. त्या वेळी फक्त एक आवाज आला. भरलेलं पोतं माळ्यावरून खाली टाकावं तसा. मितेशची हाक अर्धीच राहिली.

सतरा गुणिले एकोणीस.

मानेवरचा बूट निघाला. कोणीतरी शिव्या घातल्या, कोणीतरी "चल, चल" म्हणालं. मशीन चेन वाजवत डोंगराच्या मागच्या वाटेला लागलं. हेमांगी कोपरांवर सरकत मितेशजवळ गेली. त्याच्या छातीची डावी बाजू आत गेली होती, आणि तोंडातून येणाऱ्या रक्ताला बुडबुडे होते. तो तिच्याकडे पाहत होता.

"पानी," तो म्हणाला.

पाणी आणायला कोणी नव्हतं. तिने डाव्या हाताने त्याच्या तोंडातलं रक्त काढलं, पुन्हा काढलं. दिपिका आणि बळीराम खाचरांतून धावत पोचले, तोवर ती एका मेलेल्या माणसाचं तोंड पुसत होती.

वसईच्या हॉस्पिटलात तिला आणलं तेव्हा ती एकच गोष्ट पुटपुटत होती. डेल्फिन सिस्टर, ज्यांनी तिच्या हाताला गुंडाळलेला पदर कापून काढला, त्यांना आधी वाटलं बाई भ्रमात फोन नंबर सांगते आहे.

"कोणाला फोन लावायचा, बाय?"

"फोन नाही. लिहा. नऊ सहा नऊ नऊ सहा नऊ शून्य. मशीन. लिहा."

डेल्फिन सिस्टरनी केसपेपरच्या समासात आकडे लिहिले आणि सवयीने शेजारी वेळ टाकली, बारा वाजून पंचवीस मिनिटं. पोलीस आले ते पावणेदोनला.

हवालदार वयस्कर होते, दमलेले. त्यांनी जबाब लिहून घेतला आणि शेवटी क्रमांक वाचून दाखवला. "नऊ सहा सहा नऊ सहा नऊ शून्य. बरोबर?"

"चूक," हेमांगी म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "ह्याची बेरीज पंचेचाळीस होते. ह्याला नऊने भाग जातो. माझ्या संख्येला तीनने जातो, नऊने जात नाही. तिच्यात कुठलाच अवयव दोनदा येत नाही. तिसरा आकडा नऊ करा."

हवालदारांनी डेल्फिन सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी केसपेपर पुढे केला. हवालदारांनी खाडाखोड केली, तिथे सही केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, असल्या वेळी हे कसं काय लक्षात राहिलं?"

"राहिलं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. भाऊ हाक मारत होता आणि आपण भागत होतो, हे त्या खाटेवर तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. त्यानंतर ते रोज दिसलं.

क्रमांकावरून कंपनी, कंपनीवरून विक्रेता, विक्रेत्याकडून मालक. पाचव्या दिवशी पोलीस हायवेच्या बाजूला प्रितेश नावाच्या माणसाच्या शेडमध्ये पोचले. तो मशीनं भाड्याने द्यायचा. पोकलेन तिथेच उभं होतं, नव्या पिवळ्या रंगात. पट्टी उपटलेली होती, नुसती चार भोकं होती. पण तोच क्रमांक सांगाड्यावरही ठोकलेला असतो. रंग खरवडला तशी ती संख्या वर आली. प्रितेशने वही उघडून दाखवली. मशीन दहा दिवसांसाठी दिलेलं होतं. घेणाऱ्याचं नाव होतं अल्पेश, मुक्काम चांदीप.

ही बातमी पोलिसांच्या आधी गावात पोचली.

हेमांगी त्या दिवशी घरी आली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. दुखवट्याला आलेले पाव्हणे उठत होते. बळीराम ओट्यावर बसला होता. मितेशच्या कारखान्यातल्या एकाने येऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बळीराम उठला. कुडाच्या भिंतीत खोचलेला कोयता त्याने काढला आणि अंगण ओलांडून समोरच्या घराकडे चालू लागला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण चाल अशी की अडवायला कोणाचा हात उठला नाही.

"बाबा!" हेमांगी मागे धावली.

अल्पेश दारातच होता. त्याने काकाचा चेहरा पाहिला आणि दार लोटायला गेला. पहिला घाव दारावर बसला, फळी फुटली. दुसरा अल्पेशच्या खांद्यावर. सदरा फाटला, मांस उघडं पडलं, आणि तो भिंतीशी घसरत खाली बसला. काकी, त्याची आई, चुलीपासून धावत आली आणि दिराच्या पायांना मिठी मारून आडवी झाली.

"भावजी, मारू नका! माझा एकच हाय!"

"माझा पन एकच व्हता," बळीराम म्हणाला आणि कोयता पुन्हा वर गेला.

हेमांगी मध्ये शिरली. प्लॅस्टरचा हात तिने वर धरला. कोयता त्या प्लॅस्टरवर आदळला आणि आतल्या मोडक्या बोटांतून कळ गेली. पण ती बाजूला झाली नाही.

"तुम्ही तुरुंगात गेलात तर आईकडे कोण बघेल? दिपिकाकडे?" ती ओरडली. "द्या तो. बाबा, द्या!"

बळीरामने कोयता दिला नाही, टाकला. मग मातीचा गोळा कोसळावा तसा तोही तिथेच बसला.

अल्पेश रक्ताळलेल्या खांद्यावर हात दाबून हुंदके देत होता. "मी फकस्त घाबरवा म्हनलो व्हतो," तो म्हणाला. "धर्माला म्हनलो, दोन टोले द्या, फोन फोडा, लई झालं. आईशप्पत, ताई, मी मारा म्हनलो नव्हतो."

धर्मा म्हणजे लाल रुमालवाला. सामाईक जमिनीतली माती नेऊ देण्याचा सौदा अल्पेशने त्याच्याशी परस्पर केला होता. मशीन अल्पेशच्या नावावर आणायचं, कोणी विचारलं तर आपलं खाचर सपाट करायला आणलंय म्हणायचं. हे सगळं त्याने त्या दारात, काकीच्या देखत, आपल्याच तोंडाने सांगितलं. तासाभराने पोलिसांची गाडी आली तेव्हा मात्र तो म्हणाला, मला काही ठाऊक नाही, मशीन रविवारी माझ्या खाचरात बंद उभं होतं. खांदा कशाने फाटला म्हणून विचारलं, तर म्हणाला, पत्रा लागला. तेवढं एक त्याने काकासाठी केलं.

धर्मा सापडला, मशीन चालवणारा सापडला, पहारवालाही सापडला; हेमांगीचे केस धरणारा शेवटपर्यंत सापडला नाही. पण अल्पेश धरून चौघांनीही तेच धरून ठेवलं की मशीन डोंगराशी गेलंच नव्हतं. चेहरे रुमालात होते. मितेशच्या फोनचा चुरा झाला होता. ते पोकलेन त्या सकाळी तिथे होतं हे सांगणारी एकच गोष्ट होती, हेमांगीने पाहिलेली संख्या.

काकीला हे वकिलाने समजावून सांगितलं असावं. पौषात एके दुपारी ती विहिरीवर हेमांगीला एकटी गाठून म्हणाली, "हेमा, मी तुला न्हाऊ घातलेली. तुला काय खोटं बोल म्हनत नाही मी. येक आकडा. फकस्त येक. तिसरा नऊ व्हता का सहा, नक्की आठवत नाही, येवढंच सांग. त्या धर्माला फाशी दे, माझं काय म्हननं नाही. मशीन दुसरं ठरलं तं माझा पोर सुटंल."

"काकी, सहा घातला तर ती संख्याच राहत नाही."

"मंग काय राहातं? तुझा भाऊ राहातो?"

काकीने पाण्याने भरलेली कळशी उचलली आणि दगडावर आदळली. कळशीला पोचा पडला. "तुझ्या आकड्यांवर हगंल कोन," ती म्हणाली आणि रिकाम्या हातांनी घरी गेली. पुतळाबाई, हेमांगीची आई, मागच्या दारातून सगळं ऐकत होती. तिने ती चेपलेली कळशी आत आणली आणि मुलीला विचारलं, "खरंच तो येक आकडा येवढा जड हाय?"

"आहे, आई."

"मंग नको बदलू."

अकरा महिन्यांनी अल्पेशला जामीन मिळाला. चांदीपला पाऊल टाकायचं नाही आणि साक्षीदारांना भेटायचं नाही, अशा अटी होत्या. तिसऱ्याच दिवशी तो माणिकपूरच्या कॉलेजात आला. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा. हेमांगी डाव्या हाताने फळ्यावर वर्तुळ काढत होती. उजव्या हाताची तीन बोटं जुळली होती पण वळत नव्हती. त्याने आत येऊन दार लोटून घेतलं.

"मी जेलात रोज मितेशला पाहात व्हतो," तो म्हणाला. "तू पाहाते का?"

"बाहेर जा, अल्पेश."

"तू तं पाहिलंच नाही ना त्याच्याकडं. तू पट्टी वाचत व्हतीस."

तिच्या आत जिथे कोणाचा हात पोचला नव्हता, तिथे तो पोचला. तिची नजर फळ्याकडे वळली, आणि तेवढ्यात त्याने तिचा उजवा हात पकडला आणि जुळलेली बोटं मुठीत घेऊन आवळली. सावकाश, तिच्या डोळ्यांत बघत.

"आठवत नाही म्हन. म्हन!"

हाडात पुन्हा काहीतरी तडकलं. तिच्या डाव्या हातात फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास होता, हातभर लांब, एका पायाला पोलादी टोक. तिने तो टेबलावर टेकलेल्या त्याच्या दुसऱ्या हातात रोवला. टोक तळहातातून आरपार जाऊन लाकडात बसलं. तिने कंपास उपसला नाही. उलट वरून आणखी जोर दिला, त्याच्यासारखाच सावकाश. आणि तिला बरं वाटलं. पहार चालवणाऱ्यालाही असंच बरं वाटलं असेल, हे मनात आलं तेव्हाच तिने हात काढला.

तो रुमालात हात गुंडाळून निघून गेला. तक्रार करणं त्याला परवडणारं नव्हतं. तिनेच पोलिसांत जाऊन सांगितलं, आपण काय केलं तेही. त्याचा जामीन रद्द झाला. तिच्यावर गुन्हा नोंदला गेला नाही, पण टेबलावरचा रक्ताचा डाग घासून घासूनही गेला नाही, आणि ती त्या वर्गात पुढे तास घेऊ शकली नाही.

खुनानंतर पावणेदोन वर्षांनी वसईच्या कोर्टात तिची उलटतपासणी झाली. आरोपींचे वकील मृदू आवाजात बोलणारे, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी गणिताच्या एका प्राध्यापकाला विचारून तयारी केली होती.

"मॅडम, ९६९९६९० ही गणितात प्रसिद्ध संख्या आहे ना?"

"आहे."

"का बरं?"

"दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. पहिल्या आठ मूळ संख्यांचा गुणाकार आहे."

"एक कोटीच्या आत आठ वेगवेगळे मूळ अवयव असलेल्या अशा किती संख्या आहेत?"

"ही एकटीच."

वकिलांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. "कोटीत एक! आणि ती नेमकी गणिताच्या शिक्षिकेला, मारामारीत, चिखलात दिसते. मॅडम, तुम्ही ही वर्गात शिकवता?"

"शिकवते. तिला दोनशे छप्पन्न विभाजक आहेत. ती स्वतः सोडून बाकीच्यांची बेरीज केली तर तिच्या अडीच पटीच्या वर जाते. कुठल्याही वर्गसंख्येने तिला भाग जात नाही, एक सोडून."

"म्हणजे तोंडपाठ. तुम्हाला पट्टीवर काही दिसलंच नाही. भावाचा सूड घ्यायचा होता, डोक्यात एक आवडती संख्या होती, ती सांगून टाकलीत."

हेमांगीने कठड्यावर डावा हात ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मी पुस्तकातून काढून सांगितली असेन, साहेब, तर पुस्तकातल्या संख्येचं मशीन त्या शेडमध्ये कसं उभं होतं? पट्टी उपटलेलं? मी केसपेपरवर सांगितली रविवारी साडेबाराला. मशीन सापडलं शुक्रवारी. कोटीत एक आहे म्हणता ना? मग अंदाजाने लागायची शक्यताही तेवढीच."

कोर्टात कुजबूज झाली. वकिलांनी कागद चाळले. ते मुरलेले होते, एवढ्यावर सोडणारे नव्हते.

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुमचा भाऊ मरत होता. तुम्हाला हाका मारत होता. आणि तुम्ही भागाकार करत होता?"

मागच्या बाकावर दिपिका बसली होती. हेमांगीने तिच्याकडे पाहिलं. ही गोष्ट तिने दिपिकाला कधीच सांगितली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "त्याने मला तीनदा हाक मारली. पहिल्या हाकेला मी एक हजार एकवर होते. शेवटच्या हाकेनंतर सतरा आणि एकोणीस मिळाले. ओ द्यायला पाहिजे होती. दिली नाही."

वकील खाली बसले. दिपिका उठून बाहेर गेली, आणि हेमांगी पिंजऱ्यातून उतरून तिच्या मागे गेली तेव्हा ती जिन्याखाली उभी होती. हेमांगीला पाहून दिपिकाने तिच्या तोंडात मारली, सगळा जोर लावून. मग तिच्याच गळ्यात पडून रडली. दोघींनी त्यावर पुढे कधी काही बोलणं काढलं नाही.

डेल्फिन सिस्टरनी केसपेपर ओळखला. हवालदारांनी खाडाखोडीवरची आपली सही ओळखली. निकाल चैत्रात लागला. धर्मा आणि मशीन चालवणारा, दोघांना जन्मठेप. पहारवाल्याला सात वर्षं. अल्पेशला कट केल्याबद्दल दहा. न्यायाधीश वाचत होते तेव्हा अल्पेश खाली मान घालून तळहाताचा व्रण अंगठ्याने चोळत होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

काकी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली ती उठेना. तिच्या माहेरचं कोणी आलं नव्हतं. ऊन तापलं होतं. चांदीपकडे जाणारी रिक्षा बळीरामने ठरवली होती. तो पुढे चालकाशेजारी बसला, दिपिका आणि हेमांगी मागे. पुतळाबाई रिक्षाशी आली, थांबली, परत वळली आणि पायऱ्यांवरून जावेला दंडाला धरून घेऊन आली.

"सरका," ती म्हणाली.

"आय, ती नको," दिपिका म्हणाली.

"सरका म्हनते ना."

चौघी दाटीवाटीने बसल्या. काकीने कोणाकडे पाहिलं नाही. रिक्षा हायवे ओलांडून आत वळली, रस्ता खडबडीत झाला, तशी ती आपलं डोकं बाजूच्या लोखंडी दांड्यावर आपटू लागली. हळू नव्हे. कपाळाचं कातडं फुटलं, रक्ताची धार भुवईवर आली. चालकाने आरशातून पाहिलं आणि वेग कमी केला. बळीराम पुढे बघत राहिला.

पुतळाबाईने हात लांबवून आपला पंजा त्या दांड्यावर, काकीच्या डोक्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये ठेवला. काकी त्या पंजावर आपटत राहिली. पुतळाबाईच्या बोटांची सालं निघाली, तरी तिने हात काढला नाही, आणि काकीनेही आपटणं थांबवलं नाही. हेमांगी समोर बघत होती. वळणं गेली, एकेक गाव मागे पडलं. चांदीपचा फाटा आला तेव्हा काकी दमली होती.